तात्या नावाचा विंचू

मराठी चित्रपटांतील खलनायकांची यादी बरीच लांब असली, तरी ज्याचे नाव चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असते आणि ज्याची नक्कल शाळेत जाऊ लागलेले मूलही सहज करते, असा गुंड त्या यादीत एकच आहे. महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा तो गुंड होय. कथेत तो एका टोळीचा म्होरक्या आहे. कुबड्या खवीस नावाचा साथीदार त्याच्या पदरी आहे. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाला धमकावून त्याने मृत्युंजय मंत्र हस्तगत केला आहे, आणि पोलिसांच्या गोळीने मरण समोर आले असता त्या मंत्राच्या बळावर तो आपला आत्मा हाताशी असलेल्या एका बाहुल्यात उतरवतो. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला हाडामांसाचा तात्या पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. उरलेली सगळी गुंडगिरी तो बाहुलाच करतो, आणि लोकांच्या मनात जो तात्या घर करून राहिला आहे, तो हा बाहुलाच.

हा गुंड तीन दशके टिकून कसा राहिला, याची सोपी उत्तरे तयार आहेत. दूरचित्रवाणीवर चित्रपट वारंवार दाखवला गेला, लहानपणी बसलेली भीती मोठेपणी लाडकी वाटू लागते, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाची जोड त्याला मिळाली, ही तिन्ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत, कारण ती त्या काळातल्या आणखी दहा चित्रपटांना तितकीच लागू पडतात आणि त्या दहांतल्या गुंडांची नावे आज आठवावी लागतात. तात्या विंचूच्या टिकाऊपणाचा उलगडा त्याच्या नावापासून सुरू करावा लागतो, आणि त्या नावातील पहिल्या शब्दाचे वजन समजून घ्यायचे असेल तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत लोक एकमेकांना हाक कशी मारतात, हे पाहणे उपयोगाचे ठरते. या दोन जिल्ह्यांचा बराचसा भाग मुळात एकाच जिल्ह्यात होता. ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून दक्षिण सातारा हा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे कृष्णा-वारणेच्या या खोऱ्यात बोलण्याची आणि हाक मारण्याची रीत आजही बव्हंशी सारखीच आहे.

या भागात वयाने, अधिकाराने किंवा कर्तृत्वाने मोठ्या असलेल्या पुरुषाला नुसत्या नावाने हाक मारणे हा उद्धटपणा समजला जातो. नावाच्या जागी किंवा नावाच्या पाठीला नात्याचा शब्द लागतो: आबा, अण्णा, आप्पा, बापू, नाना, दादा, भाऊ, काका, तात्या. यातला 'तात्या' हा शब्द वडील किंवा पूज्य व्यक्ती या अर्थाच्या 'तात' या संस्कृत शब्दाशी जोडलेला आहे. एखाद्या घरात वडिलांना तात्या म्हणतात, शेजारच्या घरात थोरल्या चुलत्याला म्हणतात, आणि एकदा घरची मुले एखाद्याला तात्या म्हणू लागली की हळूहळू सगळी आळी, मग सगळे गाव आणि शेवटी एसटीचा कंडक्टरही त्याला तात्याच म्हणू लागतो. पारावर कोणी येऊन टेकले की "या तात्या, बसा की, च्या सांगतो" हे वाक्य आपोआप निघते, मग येणारा नात्यातला असो वा नसो. सार्वजनिक जीवनातही हीच रीत चालत आली आहे. किसन वीर हे साताऱ्याचे आबा, वसंतराव पाटील हे सांगलीचे दादा, राजाराम पाटील हे वाळव्याचे बापू आणि नागनाथ नायकवडी हे अण्णा म्हणूनच ओळखले गेले, आणि यांपैकी काहींच्या बाबतीत नात्याचा शब्द नावाशी इतका एकजीव झाला की वसंतदादा किंवा राजारामबापू यांतून तो वेगळा काढणेच शक्य राहिले नाही.

आदराच्या या शब्दांपैकी एकाने मात्र भाषेत दुसरा संसार थाटला आहे. 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, आणि 'दादा' म्हणजे गल्लीत दहशत बसवणारा माणूसही. 'दादागिरी' या शब्दात थोरल्या भावाचा मागमूसही उरलेला नाही. मुंबईच्या हिंदीत 'भाई'ची हीच गत झाली. दूर सिसिली बेटावरून अमेरिकेत गेलेल्या टोळ्यांच्या म्होरक्याला तर बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपित्याचे नाव मिळाले, आणि १९७२ च्या 'द गॉडफादर' या चित्रपटाने ते जगभर पोचवले. टोळीला नात्याचा शब्द का लागतो, याचे कारण साधे आहे. टोळी कायद्यावर चालत नाही, करारावर चालत नाही. ती निष्ठेवर चालते, आणि निष्ठेचा सर्वांना समजणारा नमुना कुटुंबात सापडतो, म्हणून खंडणी मागणारा माणूससुद्धा स्वतःला कोणाचा तरी भाऊ म्हणवून घेतो.

'तात्या' हा शब्द या घसरणीतून वाचला होता. 'तात्यागिरी' असा शब्द मराठीत नाही. धोतर, टोपी, पानसुपारीचा डबा आणि दुपारची वामकुक्षी एवढाच ऐवज त्या शब्दाभोवती होता. अशा निरुपद्रवी शब्दापुढे 'विंचू' ठेवल्याने जे घडते, ते 'दादा विंचू' किंवा 'भाई विंचू' या नावांनी घडले नसते, कारण त्या नावांत धक्का नाही. दादा डंख मारणार हे आधीच ठाऊक असते. कोठारे यांच्या इतर चित्रपटांतील खलनायकांशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 'धडाकेबाज' (१९९०) मधील कवट्या महाकाळ हे नाव भयंकर आणि पुन्हा भयंकर अशा दोन भागांचे आहे, कुबड्या खवीस या नावाचीही घडण तीच आहे, आणि ही नावे लोकांना आठवतात. पण त्या नावांचा माणूस कोणाच्या घरी पाहुणा म्हणून येईल अशी कल्पना करता येत नाही. तात्या मात्र येऊ शकतो. हिंदीत या चित्रपटाचे भाषांतरण 'खिलौना बना खलनायक' या नावाने झाले, तेव्हा विंचवाचा बिच्छू सहज झाला, पण तात्याला तात्याच ठेवावे लागले आणि हिंदी प्रेक्षकाला तो शब्द एखाद्या विचित्र विशेषनामासारखा वाटला असणार. अर्धा विनोद वाटेतच गळाला.

नावाचा दुसरा शब्दही या मातीतलाच आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. नागाला देवत्व आहे, सण आहे, लाह्या-दूध आहे, आणि न्यायालयाने जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंधने घालण्याची वेळ यावी इतका लोभ आहे. विंचवाच्या वाट्याला असा मान आलेला नाही. तो गोवऱ्यांच्या ढिगात, दगडी बांधाच्या कपारीत आणि कोपऱ्यात पडलेल्या वहाणेत असतो, म्हणून वहाण पायात सरकवण्याआधी झटकून घ्यायची सवय या भागातल्या माणसाच्या हाडीमाशी मुरलेली असते. तो अरण्यातला शत्रू नव्हे, घरातला आहे. लाल विंचवाचा दंश हृदयावर घाला घालतो आणि पूर्वी कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात त्याने लहान मुले दगावत; महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर हे मृत्यू मोठ्या प्रमाणावर कमी झाले. संत एकनाथांनी विंचवावर भारूड रचले आणि ते आजही गावोगाव वेदनेचे विव्हळणे आणि हसू एकत्र काढत सादर होते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे, कारण विंचवाचे भय आणि विंचवावरचे हसणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पचवण्याची तालीम मराठी प्रेक्षकाला चित्रपटाच्या चारशे वर्षे आधीपासून मिळाली होती. त्यात 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण अशी, की एका देहातून उठून दुसऱ्यात मुक्काम करू पाहणाऱ्या या गुंडासाठीच ती बेतली असावी असे वाटते.

कायद्याबाहेरच्या माणसाला कथेत जागा देण्याची परंपराही या खोऱ्यात जुनी आहे आणि ती दोन अंगांनी वाढलेली आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी लिहिली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी सरकारी खजिन्यावर हात टाकणारा मांग समाजातील तरुण हा तिचा नायक आहे. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तिच्यावर चित्रपटही निघाला, आणि अण्णाभाऊंच्याच 'वारणेचा वाघ' या कादंबरीतील बंडखोरही पुढे पडद्यावर आला. ज्या वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी एरिक हॉब्सबॉम या ब्रिटिश इतिहासकाराचा आदिम बंडखोरांवरील ग्रंथ प्रकाशित झाला, ज्यात त्याने सामाजिक दरोडेखोर ही संकल्पना मांडली: सरकार ज्याला गुन्हेगार समजते पण गावकरी ज्याला आपला समजतात, लपवतात, जेवू घालतात आणि ज्याची गाणी करतात, असा माणूस. वारणाकाठच्या वाचकाला ही संकल्पना लंडनहून शिकण्याची गरज नव्हती. मात्र या आपुलकीची मर्यादाही याच भागाने दाखवून दिली आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात जे प्रतिसरकार चालले, त्याने इंग्रजांच्या बरोबरीने गावोगावच्या दरोडेखोरांचाही बंदोबस्त केला, आणि तळपायांवर फटके मारण्याच्या त्याच्या शिक्षेवरून, जनावरांच्या खुरांना पत्र्या ठोकतात त्या साम्याने, लोकांनी त्याला पत्री सरकार असे नाव दिले. खऱ्या दरोडेखोराला फटके आणि कथेतल्या दरोडेखोराला पोवाडा, असा हा हिशेब होता, आणि त्यात विसंगती काही नाही.

दुसरे अंग आहे ते कायद्याच्या आत राहून गुंडगिरी करणाऱ्याचे. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना' हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखरपट्ट्यातील काल्पनिक पुढारी निळू फुले यांनी उभा केला आणि त्याच्या समोर मारुती कांबळेचे काय झाले हा एकच प्रश्न धरून बसणारा दारुडा मास्तर साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी. हिंदुरावाला पिस्तूल लागत नाही. त्याचा आवाज कधी फारसा चढत नाही, पाहुण्याची सरबराई तो जातीने करतो आणि एखादा माणूस नाहीसा करायचा असेल तर तेवढ्याच शांतपणे करतो. निळू फुले यांचा तो घशात घोळवलेला, ओढून सोडलेला स्वर पुढे स्नेहसंमेलनांतून, गणेशोत्सवांतून आणि लग्नाच्या वरातींतून इतका उचलला गेला की मूळ चित्रपट न पाहिलेले लोकही ती नक्कल करतात. म्हणजे फकिरा हा आपला वाटणारा गुन्हेगार होता आणि हिंदुराव हा परका न वाटणारा, ओळखीचा वाटणारा गुन्हेगार होता, आणि या दोघांमध्ये फरक मोठा आहे.

तात्या विंचू या दोन्ही जातींत बसत नाही. तो गरिबांसाठी लुटत नाही आणि त्याला कारखान्याची निवडणूकही लढवायची नाही. त्याला फक्त जगायचे आहे आणि त्यासाठी दुसऱ्याचे शरीर हवे आहे. हा सांगाडा परदेशातून आला. १९८८ मध्ये टॉम हॉलंड दिग्दर्शित 'चाइल्ड्स प्ले' हा अमेरिकन चित्रपट आला होता, ज्यात पोलिसांच्या गोळीने मरणारा खुनी वूडू नावाच्या कॅरिबियन तंत्रविद्येने आपला जीव एका खेळण्यात घालतो आणि पुढे ज्याला त्याने प्रथम आपली खरी ओळख सांगितली त्याच्याच शरीरात शिरण्याची त्याला अट पडते. 'झपाटलेला'चा आधार तोच आहे, आणि हे लपवण्याचे काही कारण नाही. पाहण्यासारखे आहे ते बदलाचे काम. अमेरिकन खुन्याचे चार्ल्स ली रे हे नाव चार्ल्स मॅन्सन, ली हार्वी ऑस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे या तीन खऱ्या गुन्हेगारांच्या नावांचे तुकडे जोडून केलेले आहे, म्हणजे ते वर्तमानपत्रातून आलेले नाव आहे. मराठी गुंडाचे नाव ओसरीवरून आणि वहाणेतून आले. तिथला बाहुला दुकानात हजारांनी विकला जाणारा कारखान्याचा माल आहे. इथला बाहुला बोलके बाहुले खेळवण्याचा नाद असलेल्या, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेल्या लक्ष्या नावाच्या एका भाबड्या तरुणाकडे येतो. शिवाय १९९३ या वर्षी मुंबईतील बॉम्बस्फोटांमुळे टोळ्या आणि त्यांचे सूत्रधार यांची चर्चा महाराष्ट्रातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर चालू होती, त्यामुळे टोळीप्रमुख म्हणजे काय हे त्या वर्षीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही.

सर्वांत सहज झालेला बदल मात्र वूडूचा आहे, कारण त्याची जागा इथे आधीच तयार होती. एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरण्याच्या विद्येला परकायाप्रवेश म्हणतात. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि गावोगाव ज्याची पारायणे होतात त्या 'नवनाथ भक्तिसार' या पोथीत मच्छिंद्रनाथ एका मेलेल्या राजाच्या शरीरात शिरून राज्य करतो, त्याचा मूळ देह तोवर राखला जातो. या मच्छिंद्रनाथाच्या नावाचा किल्लाच वाळवा तालुक्यात आहे; मच्छिंद्रगडाच्या माथ्यावर नाथाचे मंदिर आहे, आणि शिराळ्याला गोरक्षनाथाचे स्थान आहे. ज्या मुलाने आजीबरोबर श्रावणात ही पोथी ऐकली, त्याला बाहुल्यात शिरलेला तात्या ही अमेरिकन कल्पना वाटली नाही. नाथांकडे ही विद्या तपाने येते आणि तात्या ती धाकाने मिळवतो, एवढाच फरक त्याला जाणवला असणार, आणि तोच कथेतला गुन्हाही आहे: विद्या चोरलेली आहे.

चित्रपटाच्या नावातही हीच सोय आहे. 'झपाटणे' म्हणजे भुताने किंवा परक्या शक्तीने माणसाचा कबजा घेणे. झपाटलेल्या माणसाला देवऋषीकडे नेतात, म्हणजे उतारा, धुपारा आणि मंत्र यांनी बाधा काढण्याचा दावा करणाऱ्याकडे. तात्याच्या मंत्राच्या शेवटी येणारे 'ओम फट् स्वाहा' हे शब्द लेखकाने हवेतून काढलेले नाहीत. तंत्रग्रंथांत 'फट्' हा अस्त्रमंत्राचा उच्चार आहे, विघ्न तोडण्यासाठी टाळी वाजवून म्हणायचा. 'स्वाहा' हा अग्नीत आहुती सोडतानाचा शब्द आहे. हे खरे मंत्रशब्द एका बाहुल्याच्या तोंडी गेले आणि पाहता पाहता शाळकरी मुलांच्या हाणामारीत उतरले, पंखा बंद करताना आणि दिवा लावताना म्हटले जाऊ लागले. योगायोग असा की मंत्रतंत्राचा धंदा करणाऱ्यांविरुद्ध आयुष्यभर झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि डॉ. लागू त्यांच्याबरोबर विवेकजागराच्या कार्यक्रमांतून गावोगाव वादसंवाद करत फिरले. ज्या २०१३ सालच्या जून महिन्यात 'झपाटलेला २' प्रदर्शित झाला, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. चित्रपट आणि चळवळ यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही ज्या मंत्रावर पोरेसोरे हसतात त्या मंत्राचा धाक घालणे मांत्रिकाला जड जाते, एवढे तात्या विंचूच्या पदरात टाकायला हरकत नसावी, जरी चित्रपटातला मंत्र खरोखरच चालतो, ही अडचण त्यात राहतेच.

आता बाहुल्याकडे. तो रामदास पाध्ये यांनी घडवला. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला महाराष्ट्रात घरोघरी पोचवला होता. या कलेला मराठीत शब्दभ्रम म्हणतात: कलावंत ओठ न हलवता बोलतो, बाहुल्याचा जबडा बोटाने त्याच वेळी हलवतो, आणि ऐकणाऱ्याचा कान डोळ्याच्या मागे जाऊन आवाज बाहुल्यातून आला असे मानतो. यात खरी कसोटी ओष्ठ्य वर्णांची असते. प, फ, ब, भ, म हे वर्ण दोन ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, म्हणून शब्दभ्रमकार जीभ दातांवर किंवा टाळूवर टेकवून त्यांच्याच जवळचा ध्वनी काढतात आणि ऐकणाऱ्याचे मन उरलेले भरून घेते. या कसोटीवर मराठी नात्यांचे शब्द लावून पाहिले तर गंमत दिसते. आबा, आप्पा, बापू, भाऊ आणि मामा हे सगळे ओठ मिटायला लावतात. तात्या, दादा, नाना आणि अण्णा मात्र नुसत्या जिभेवर चालतात. बोलक्या बाहुल्याला 'तात्या' हे नाव म्हणूनच सोयीचे आणि त्याच्याच मंत्रातला 'फट्' सर्वांत अवघड, असे हे गणित आहे. चित्रपटात आवाज वेगळा मुद्रित होत असल्याने ही अडचण प्रत्यक्षात आली नाही आणि नाव ठेवताना कोणी असा विचार केला असेल असेही नाही. आरशासमोर ओठ न हलवता दोन्ही शब्द म्हणून पाहिले की फरक लगेच कळतो.

बाहुल्याची भीती कशात आहे, हेही येथेच पाहावे लागते. अर्धवटराव विनोदी आहे कारण त्याच्या मागे बसलेला माणूस दिसतो, दोघांचे भांडण दिसते आणि बाहुला कितीही उद्धट बोलला तरी त्याचा दोरा कोणाच्या हातात आहे हे ठाऊक असते. तात्या विंचूच्या मागे माणूस दिसत नाही. शब्दभ्रमाचा सगळा करार इथे मोडतो: बाहुला बोलतो आणि बोलवणारा नाही. त्यातही लक्ष्या हा स्वतःच बोलके बाहुले खेळवणारा असल्याने बाहुला खरोखर बोलतो आहे हे तो सांगतो तेव्हा गावाला ती त्याच्या कलेची करामत वाटते, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सगळ्या चित्रपटातील ही सर्वांत हुशार मांडणी आहे, आणि मूळ अमेरिकन कथेत ती नाही. तिथे मुलावर कोणी विश्वास ठेवत नाही कारण तो लहान आहे. इथे लक्ष्यावर ठेवत नाहीत कारण तो आपल्या कामात तरबेज आहे.

या भूमिकेचा भार दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाने उचलला. बारीक, घासलेला, लाडिकपणाच्या कडेवरून क्रौर्यात घसरणारा तो आवाज आणि डोळे वटारलेला बाहुल्याचा चेहरा यांची सांगड बसली. पण त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की नात्यांच्या शब्दांचा खेळ पुन्हा समोर येतो. पुढे त्यांनी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेत घरातल्या सर्वांना सांभाळून घेणारे आजोबा रंगवले, आणि त्या आजोबांना सगळे म्हणत ते आबा. २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटात ते एका गुंडाला दिसणारे महात्मा गांधी झाले, म्हणजे बापू. तात्या, आबा आणि बापू ही तिन्ही नाती एकाच नटाने पडद्यावर निभावली आणि प्रेक्षकांनी तिन्ही तितक्याच आपुलकीने स्वीकारली.

'झपाटलेला २' हा त्रिमितीय चित्रपट २०१३ मध्ये आला तेव्हा मधल्या वीस वर्षांत बरेच काही बदलले होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले होते. कथेत आता लक्ष्याचा मुलगा होता, भोवती जत्रेचे वातावरण होते, आणि नायिकांपैकी एक सांगलीच्या सई ताम्हणकर होत्या. ज्याच्या शरीरासाठी तात्या पहिल्या चित्रपटभर धावला होता, तो माणूस राहिला नव्हता. तात्या तसाच होता. अमजद खान यांनी रंगवलेला हिंदी पडद्यावरचा डाकू गब्बरसिंग त्यांच्याबरोबरच संपला आणि नंतर दुसऱ्या कोणी तो करून पाहिला की प्रेक्षकांना तुलना सुचते. बाहुला असलेल्या गुंडाला हा प्रश्न येत नाही.

पाध्ये यांच्या हातांचा सांगलीशी असलेला संबंध या सगळ्याहून जुना आहे. सांगलीत १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक करून मराठी रंगभूमीचा आरंभ करणारे विष्णुदास भावे हे बाहुल्या घडवणारेही होते. त्यांनी त्याच कथेसाठी लाकडी कळसूत्री बाहुल्या, म्हणजे दोऱ्यांनी हलणाऱ्या बाहुल्या, कोरल्या होत्या, आणि त्या दीर्घकाळ पेटीत पडून राहिल्या. त्या बाहुल्यांची डागडुजी करून, त्यांचे सांधे आणि दोरे पुन्हा चालते करून त्यांचा खेळ रंगमंचावर आणण्याचे काम ज्यांनी केले ते रामदास पाध्ये होत. राम, सीता आणि रावण यांच्या त्या जुन्या लाकडी सांध्यांवरून ज्यांची बोटे फिरली, त्याच बोटांनी तात्या विंचूचा जबडाही बसवला होता.